डॅमरिसचं सहावं चित्र

ऑर्मस्टेड, ९ मे १७३३

लंडननिवासी तांब्यावर चित्रं कोरून छापणारे जोसाया फेन यांस, ऑर्मस्टेडच्या खेडवळ धर्मगुरूचा आशीर्वाद. आशीर्वाद न मागता दिला आहे. आमच्या व्यवसायात तशीच पद्धत आहे.

‘सेविकेची सहा पावलं’ या तुझ्या मालिकेतली पहिली दोन चित्रं मालाच्या घोडागाडीतून पोचली. पहिल्यात खेड्यातली मुलगी आईच्या थडग्याला हात लावून शहराकडे निघते, दुसऱ्यात मालकिणीची शाल पांघरून आरशापुढे उभी राहते. एका शालीपासून अधःपात सुरू व्हावा, हे मला जरा घाईचं वाटलं. शाळेत तू माझं सफरचंद पळवलंस तेव्हा याच न्यायाने तुझा अधःपात सुरू व्हायला हवा होता. तू मात्र मोठा होऊन नीतिचित्रं काढू लागलास. पण नीतिकथेला घाई असायचीच. तिला सहा चित्रांत माणूस संपवायचा असतो.

दोन्ही चित्रं मी चर्चच्या देवडीत टांगली आहेत आणि रविवारी प्रवचनानंतर त्यांचा अर्थ सांगतो. माझी लॅटिन वचनं ऐकत पेंगणारी माणसं तुझ्या चित्रापुढे ताटकळत उभी राहतात. याबद्दल तुझा मत्सर वाटतो, तोही न मागता. हिब्सबाई, म्हणजे गिरणीवाल्याची विधवा आणि या गावचं शेवटचं न्यायालय, त्यांनी निकाल देऊन टाकला. “पाद्रीबुवा, ही पोर वाया जाणार. हिची मान बघा.” मी विचारलं, मानेला काय झालं? “वळलीय. सरळ पोरींची मान आरशाकडे वळत नाही.”

माझं घर सांभाळणारी टॅबिथा मात्र वेगळंच धरून बसली आहे. “ही आपली डॅमी,” म्हणते. मी तिला समजावलं की माझ्या पुतणीच्या, डॅमरिसच्या, डाव्या गालावर तीळ आहे आणि चित्रातल्या मुलीच्या उजव्या. एकाच माणसाचा तीळ दोन गालांवर हिंडत नाही, याला तर्कशास्त्र म्हणतात. ती म्हणाली, “तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. पोरीला न्हाऊ मी घातलंय.”

डॅमरिसवरून आठवलं. भाऊ गेल्यापासून ती माझीच लेक, हे तू जाणतोस. तिकडे पर्किसबाईंच्या घरच्या नोकरीत तिचं बरं चाललं आहे ना? रविवारी ती तुझ्या बायकोला, साराला, भेटायला येते असं लिहायची. हल्ली पत्रं आखूड झाली आहेत. आखूड पत्र हे तरुण माणसाच्या सुखाचं लक्षण असतं असं मी टॅबिथाला सांगतो. तिला तेही पटत नाही.

तुझा,
बार्नबस थर्केल


लंडन, २ जून १७३३

प्रिय बार्नबस,

सफरचंद आंबट होतं. त्या पापाची शिक्षा तेव्हाच झाली.

सोबत तिसरं आणि चौथं. तिसऱ्यात मुलगी गाडीवानाबरोबर गोड दारू पीत बसली आहे आणि मालकिणीचं मूल चुलीकडे रांगतं आहे. चौथ्यात ती चांदीचा चमचा एप्रनमध्ये सरकवते. पाचवं तांब्यावर चालू आहे: सुधारगृहात ती ताग कुटते. सहाव्यात मरण. वर्गणीदारांना मी ते आधीच सांगून ठेवलं आहे. नीतिमालिकेत शेवटी मरण नसेल तर कोणी नाव नोंदवत नाही.

टॅबिथाबाईंना सांग की चित्रकाराच्या मुली अशाच जमवलेल्या असतात. नाक एकीचं, हनुवटी दुसरीची, मान कुणाचीतरी. त्यात कोणाला कोण दिसेल याचा नेम नाही.

सध्या माझा शत्रू चोरछापवाला आहे. माझं चित्र दुकानाच्या खिडकीत लागलं की आठवड्यात त्याची भिकार नक्कल गल्लोगल्ली निघते, आणि कायदा माझ्या बाजूला नाही. हे लोक इतके आळशी की माझा कागद समोर ठेवतात आणि आहे तसा तांब्यावर कोरतात. तांब्यावरचं कागदावर उलटं उतरतं, त्यामुळे त्यांची नायिका डाव्या हाताने चमचा चोरते. गिऱ्हाइकाला चालतं. चोरी कुठल्या हाताने झाली यावर नीती अवलंबून नसते, असं एक दुकानदार मला म्हणाला.

डॅमरिस बरी असावी. गेले दोन रविवार आली नाही. पर्किसबाईंकडे पाहुणे असतील.

तुझा,
जोसाया


ऑर्मस्टेड, ८ जुलै १७३३

जोसाया,

परवा फेरीवाला आला. सुया, फिती, उंदरांचं औषध, आणि तुझी मालिका: काळीकुट्ट शाई, जाडाभरडा कागद, चारही चित्रं. दुपारपर्यंत गावातल्या निम्म्या घरांत ती लागली.

या चित्रांतल्या मुलीचा तीळ डाव्या गालावर आहे.

मी देवडीतलं तुझं चांगलं चित्र काढलं आणि घरातल्या आरशासमोर धरलं. आरशातून डॅमरिस माझ्याकडे बघत होती. कपाळ तिचं, ओठ तिचे. मी रागावल्यावर ती जशी मान जराशी कलती करून उभी राहायची, ती मानसुद्धा तिचीच. टॅबिथा मागे उभी होती. “आता दिसली?” एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. मी तर्कशास्त्राचा राजीनामा दिला आहे.

हिब्सबाई संध्याकाळी येऊन गेल्या. आवाज एकदम मऊ. “पाद्रीबुवा, वाईट झालं हो.” मी म्हटलं, बाई, हे चित्र आहे, हकिगत नाही. त्या म्हणाल्या, “चार रविवार तुम्हीच तर समजावून सांगत होता. हे खरं आहे, असंच घडतं, म्हणालात. आम्हाला काय अक्कल.”  तीस वर्षांत प्रथमच या गावाने माझं प्रवचन लक्ष देऊन ऐकलं होतं.

डॅमरिसकडून महिनाभर एक ओळ नाही. तू तिला कशी चितारलीस ते मागाहून सांग. ती कुठे आहे ते आधी सांग.

बार्नबस


लंडन, १६ जुलै १७३३

बार्नबस,

ती कुठे आहे ते मला माहीत नाही. हे पहिल्या ओळीत लिहितो, कारण पुढचं तू सावकाश वाचणार नाहीस.

ती आमच्या स्वयंपाकघरात साराबरोबर मटार सोलत बसायची आणि मी कोपऱ्यातून तिला चितारायचो. पहिलं चित्र तिने पाहिलं होतं. “निरोप घेताना मी बरी दिसते की,” म्हणाली. पुढची गोष्ट मी तिला सांगितली नाही. आमच्या कामात नायिकेचा चेहरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लागतो. कपडे बदलतात, खोल्या बदलतात. चेहरा बदलला तर ही तीच, हे बघणाऱ्याला कळत नाही. तीळ मी त्यासाठीच ठेवला. गर्दीतही ती तिळावरून सापडते. छापताना तो दुसऱ्या गालावर जातो, म्हणजे कोणी तिला ओळखणार नाही, असं मी धरून चाललो. चोर तिला पुन्हा उलटी करून मूळपदावर आणतील हे सुचलं नाही. ज्याचा हा धंदा, त्याला सुचलं नाही.

इथल्या मालकिणी अशी चित्रं नोकरांच्या जिन्यात लावतात, वचक राहावा म्हणून. पर्किसबाईंनी चोरछापच लावली. चहाला आलेला कोणी पाहुणा म्हणाला, “बाई, जिन्यातली आणि चहा आणणारी एकच दिसते. चमचे सांभाळा.” सगळे हसले. पाहुणे गेल्यावर चमचे पाहिले गेले. सगळे होते. मी काल पर्किसबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, “चमचे आहेत हो. पण चौथं चित्र अजून घडायचं असेल तर?” डॅमरिसला त्यांनी त्याच दिवशी काढलं, चालचलनाचा शेरा न देता. शेऱ्यावाचून या शहरात भांडी घासायलासुद्धा कोणी ठेवत नाही.

ती आमच्याकडे आली होती. मी घरी नव्हतो. साराने पान वाढलं. छापलेलं पाचवं चित्र दोरीवर वाळत होतं. ते तिने बराच वेळ पाहिलं आणि न जेवता गेली.

मी शोधतो आहे.

जोसाया


ऑर्मस्टेड, २० जुलै १७३३

जोसाया,

उद्याच्या गाडीने निघतो. तुझ्याकडे उतरणार नाही.

पाचवं तू विकलंच असशील. सहावं कोरू नकोस. कोरायचंच असेल तर पोरीला घरी आण. आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. एवढं मागतो. चित्रात तरी तिला घरी आण.

बार्नबस


ऑर्मस्टेड, ३० ऑगस्ट १७३३

जोसाया,

ती माझ्याबरोबर आहे. जिवंत आहे. साराला सांग.

तुझ्या दारावरून दोनदा गेलो. माझ्या हातात काठी होती आणि स्वभावावर भरवसा नव्हता, म्हणून आत आलो नाही.

सुधारगृहात सापडली, तुझ्या पाचव्या चित्रात. काम मिळेना, म्हणून एका चर्चच्या पायरीवर निजायची. तिथून गस्तीच्या शिपायाने उचलली. न्यायाधीशापुढे उभी केली तेव्हा साहेब म्हणाले, “तुला मी ओळखतो.” ती म्हणाली, “आपण मला कधी पाहिलं नाही, साहेब.” “रोज पाहतो. माझ्या जेवणघरात टांगली आहेस.” कचेरीत हशा पिकला, आणि महिनाभर ताग कुटण्याची शिक्षा झाली. हे मला तिथल्या कारकुनाने विनोद म्हणून सांगितलं. चांगला सांगितला. मी विनोदाचा जुना भोक्ता. त्या दिवसापासून ती खोड सुटत चालली आहे.

तिला बाहेर आणलं तेव्हा ती रडली नाही.  गाडीत म्हणाली, “काका, ताग कुटायची मोगरी चित्रात आहे तशी धरत नाहीत. फेनकाकांना कळवा. तशी धरली तर मनगट जातं.” कळवलं.

इथे सुधारगृहाचं कोणाला माहीत नाही. टॅबिथा तिच्या हातांना हंसाची चरबी चोळते, आणि विचारणाऱ्याला सांगते की शहरात धुणं फार असायचं. त्याने काही फरक पडत नाही. गावाला पाचवं चित्र माहीत आहे, तेवढं पुरतं. पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये बाकावर बसली तशा शेजारच्या बायका एकेक करून उठल्या. भांडण नाही, शब्द नाही. कोणाला वारा लागत होता, कोणाला उजेड हवा होता. मी वेदीपाशी उभा होतो आणि माझी पुतणी एका लांब रिकाम्या बाकावर एकटी होती. दुधाच्या कामाला ती हिब्सबाईंकडे विचारायला गेली, तर त्या दारातूनच म्हणाल्या, “बाळ, माझ्या घरी दोन मुलगे आहेत.”

मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की ही कथा हिची नव्हे, कल्पित आहे. बेलदार एफ्राइम बाहेर पडताना मला थोपटून म्हणाला, “असं म्हणायलाच पाहिजे, पाद्रीबुवा. रक्ताचं नातं आहे.” माझ्या सगळ्या आयुष्यात हे एकच सत्य मी जिवापासून सांगितलं, आणि तेवढंच लोकांनी सौजन्य म्हणून घेतलं.

हे घर माझं नाही, चर्चचं आहे, हे तुला माहीत आहे. लंडनहून मी खोकला घेऊन आलो. माझ्यामागे नवा धर्मगुरू येईल, त्याची बायको येईल, आणि डॅमरिसला तिची पेटी उचलावी लागेल. कुठे न्यायची? लंडनमध्ये जिन्यात तीच, इथे चुलीवर तीच. या देशात जिथे खिळा आहे तिथे ती टांगलेली आहे. मी पहाटे उठून प्रार्थनेला बसतो, आणि मागायचं काय तेच सुचत नाही.

बार्नबस


लंडन, १२ सप्टेंबर १७३३

बार्नबस,

सोबत सहावं. हा एकच नमुना काढला आहे, बाहेर कोणाला दाखवलेला नाही.

मी ती मरणाची कल्पना टाकली. तू सांगितलंस तसं केलं. मुलगी गावी परतली आहे. फाटकाशी तिचे धर्मगुरू काका हात पसरून उभे आहेत, मागे चर्चचा बुटका मनोरा, दारात घर सांभाळणारी बाई एप्रनने डोळे पुसते आहे. खाली लिहिणार आहे: ‘क्षमा’. वर्गणीदार नाराज होतील. एकाने आत्ताच विचारलं, “मरत नाही? मग बाकीच्यांनी धडा काय घ्यायचा?” होऊ देत नाराज. इतकी हळुवार रेघ मी आजवर कोरली नव्हती. पोरीला दाखव. तिला आवडलं की छापायला लावतो.

जोसाया


ऑर्मस्टेड, २० सप्टेंबर १७३३

फेनकाकांना, डॅमरिसचा नमस्कार.

चित्र पाहिलं. काकांची टोपी वाकडी, टॅबिथाबाईंचा मोठा एप्रन, सगळं बरोबर उतरलंय. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, जोसाया मनाने वाईट नाही. मलाही तसंच वाटतं, म्हणून तुम्हालाच लिहिते.

हे चित्र छापू नका. छापलंत तर मी संपले.

आधीच्या चित्रांतली पापं खोटी होती. मी शाल घेतली नाही, दारू प्यायले नाही, चमचा घेतला नाही. पण हे सहावं खरं आहे. मी घरी आले, काकांनी हाताला धरून फाटकातून आत आणलं. गावातलं कोणीही बघेल आणि म्हणेल, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं. शेवटचं खरं निघालं की आधीची पाच आपोआप खरी होतात. मग काकांनी शपथ घेतली तरी उपयोग नाही.

तुम्ही ठरवलं होतं तेच करा. मला मारा.

लंडनमध्येच मारा, सुधारगृहात, म्हणजे घरी यायला वेळच उरणार नाही. चेहरा झाकू नका. शवपेटी उघडी ठेवा, आणि मागे माती उकरणारा माणूस दाखवा. लोकांनी मला नीट मेलेली पाहिली पाहिजे. ती पोर मेली, पुरली, असं झालं की मग गिरणीच्या वाटेने जी चालत जाते ती दुसरी कोणी. तिच्यासारखी दिसणारी. दिसण्याला काय, पुष्कळ जणी सारख्या दिसतात, असं तुम्हीच काकांना लिहिलं होतं ना.

सकाळी काकांना हे सांगितलं. संध्याकाळी म्हणाले, “चित्र आलं तर मला त्यावर बोलावं लागेल. तुझ्या मरणावर.” मी म्हटलं, बोला. आता ते जेवताना थट्टा करत नाहीत. त्यांचा खोकला मला भिंतीतून ऐकू येतो. म्हणून जरा लवकर करा.

साराकाकूंना सांगा, त्या दिवशी पान टाकून गेले त्याचा राग नसावा.

डॅमरिस


ऑर्मस्टेड, ४ नोव्हेंबर १७३३

जोसाया,

तुझं सहावं आलं, आणि मागोमाग फेरीवाल्याची नक्कलही आली. चोरांनी या वेळी फार तत्परता दाखवली. त्यांचे आभार मानायचे कसे, हे आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दिलेलं नाही.

तू काम चोख केलंस. टॅबिथाने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मी ते देवडीत टांगलं. खिळा मीच ठोकला. दुसऱ्या कोणाला सांगण्याचं धैर्य झालं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. मी त्या मुलीवर बोललो. ती कशी एकटी मेली, तिला पुरताना कोणी कसं नव्हतं, तिचा न्याय करणाऱ्यांत तिला एकदासुद्धा काही विचारणारा कसा कोणी निघाला नाही. एफ्राइम रडला. एफ्राइमला मी त्याच्या दोन्ही बायकांच्या अंत्यविधीला रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या हयातीतलं सर्वांत परिणामकारक प्रवचन ते. ती मुलगी मेली हे त्याचं मूळच असत्य होतं, आणि ते मी देवापुढे उभं राहून सांगितलं. त्याचा हिशेब पुढे माझ्याकडून घेतला जाईल. खोकला पाहता फार थांबावं लागणार नाही.

बाहेर देवडीत हिब्सबाई चित्रापाशी उभ्या होत्या. चित्राकडे बघत, मग डॅमरिसकडे, मग पुन्हा चित्राकडे. म्हणाल्या, “गेली बिचारी. आणि आम्ही आपल्या डॅमीवर काय काय आळ घेतला. चेहरा सारखा असला म्हणून काय झालं?” मग माझ्याकडे वळून, जरा फणकाऱ्याने, “तुम्ही आधी सांगायचंत, पाद्रीबुवा.” मी मान खाली घातली. दुधाच्या कामाला डॅमरिस सोमवारपासून त्यांच्याकडे जाते. हात बघून त्यांनी विचारलंही नाही. तिथे रात्रीची निजायला खोली आहे. मी नसलो तरी तिची पेटी तिथे राहील.

हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसलो होतो. पण आणखी एक गोष्ट आहे.

मी त्या मुलीच्या मरणावर बोलत असताना डॅमरिस पुढच्या बाकावर बसली होती. बायका आता तिच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसल्या होत्या. ती रडत होती. सुधारगृहातून निघताना रडली नव्हती, रिकाम्या बाकावर रडली नव्हती. आता खांदे हलेपर्यंत रडत होती. मला वाटलं, सुटली म्हणून रडते. घरी आल्यावर मी तसं म्हणालोही, की झालं, पोरी, आता कशाला?

तिने टोपीची गाठ सोडली आणि म्हणाली, “तिच्याकडचं कोणीतरी रडायला नको का, काका?”

बार्नबस